निवट्याच्या तोंडातली हवा

माझा मुलगा जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः घासतो. शेजारच्या बायका म्हणतात, चांगुणाबाय, नशीब काढलंस. कसलं नशीब! ताट घासतो, पालथं घालतो, हात पुसतो आणि म्हणतो, “छान झालं होतं, आई.” पाहुणा म्हणतो तसं. मागच्या आठवड्यात मी तीन दिवस कालवणात मीठ घातलं नाही. मुद्दाम. तीन दिवस रोशनने ते अळणी कालवण ओरपलं आणि तीनही दिवस “छान झालं होतं.” अडतीस वर्षांचा बाप्या, बोटीचं इंजिन खांद्यावर घेणारा, आणि आईशी असा वागतो जणू मी खानावळ चालवते.

पूर्वी हा असा नव्हता. भाताला कच राहिली तर ताट सरकवून म्हणायचा, “हे तूच खा.” मी पातेलं आपटायची, तो दार आपटायचा, आणि उन्हं उतरली की दोघं ओट्यावर बसून सोडे निवडायचो. घरात आम्ही दोघंच, पण चार माणसांचा आवाज असायचा.

याच्या आताच्या वागण्याला लोक गुण म्हणतात. मी अपमान म्हणते. गेल्या साली गावकीच्या बैठकीत त्याने माझी एक वस्तू माझ्या डोळ्यांदेखत उचलली आणि अजून परत दिलेली नाही. ती वस्तू म्हणजे माझा गुन्हा. मोठा होता, आणि सगळाच्या सगळा माझा होता.

आमचं दांडेवेळ खाडीच्या तोंडाशी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिखल. समुद्र पुरुषांचा आणि चिखल बायकांचा, अशी आमची जुनी वाटणी. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की घराला चिखलच पोसायचा. मांडीपर्यंत रुतत जायचं आणि निवटे धरायचे. निवटा म्हणजे वीतभर मासा, डोळे कपाळावर, पाणी सोडून चिखलात उड्या मारणारा. मोठ्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आमच्याकडे त्याचं कालवण बाळंतिणीला देतात.

रोशन सहा वर्षांचा असताना माझ्याबरोबर यायचा. एकदा म्हणाला, “आई, याचे गाल का फुगलेत?” एक निवटा गाल टम्म फुगवून बिळात शिरत होता. गेला, गाल बसवून बाहेर आला, वर येऊन पुन्हा फुगवले, पुन्हा आत. मी लहानपणापासून ते बघत होते. बिळात हात घातला की गुडगुड करून हवा वर येते, हेही ठाऊक होतं. म्हटलं, “आत त्याची अंडी असतात, बिळाच्या छताला चिकटवलेली. चिखलातल्या पाण्याला जीव नसतो, म्हणून बाप हवा नेतो. आपण हंड्याने पाणी भरतो, तो गालाने हवा भरतो.”

“किती खेपा करतो?”

“पोरं बाहेर येईपर्यंत.”

त्या दिवशी त्याने मला एकही निवटा धरू दिला नाही. रिकाम्या टोपलीने परत आलो आणि सासूने माझा उद्धार केला.

शाळा माझी चौथीपर्यंत. हा पोरगा मात्र शिकत गेला, समुद्राच्या कॉलेजात गेला, एका मोठ्या संस्थेत लागला. तोपर्यंत इकडे समुद्र बिघडायला लागला होता. पहिली दोन वर्षं तर आम्हाला कळलंच नाही, उलट जाळी फाटेस्तोवर मासे मिळाले. तळाचे मासे वरच्या दोन-तीन वावांत, आठ-दहा हात पाण्यात, दाटीवाटीने उभे. आम्ही देवीला नारळ फोडले, नव्या साड्या घेतल्या. ती बरकत नव्हती, पळापळ होती. तिसऱ्या वर्षी जाळ्यात नुसता गाळ आला.

तेव्हा रोशन संस्थेच्या कामावर परत गावात राहायला आला आणि ओट्यावर बसून मला सांगायला लागला.

“आई, समुद्रात खोल एक थर आहे. पाणीच आहे, पण त्यात श्वास नाही.”

“पाण्यात कसला श्वास?”

“हवा विरघळलेली असते, साखरेसारखी. दिसत नाही. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवरून सोडतो, तेव्हा कल्ले ती हवा टिपून रक्तात देतात. आपल्या या समुद्रात हा बिनश्वासाचा थर फार जुना आहे, पण तो खाली असायचा, शंभर वावांच्याही खाली. आता समुद्र तापलाय. उन्हात सोड्याची बाटली उघडलीस तर सगळी हवा फसफसून जाते की नाही? गरम पाण्यात हवा टिकत नाही. वरून नाल्यांची घाण येते, तिच्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं. कुजायलाही हवा लागते. म्हणून तो थर जाड होत चाललाय. आणि पावसाळा सरताना किनाऱ्याचं वरचं पाणी वाऱ्याने बाहेर सरकतं, त्याच्या जागी खालचं पाणी वर येतं. त्याच्याबरोबर तो थरही येतो. पूर्वी चार दिवस राहून जायचा. आता दिवाळीपर्यंत मुक्काम करतो.”

“मग मासे काय करतात?”

त्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, “बाबा काय करायचे?”

रोशनच्या बाबांची फुप्फुसं इंजिनाच्या धुराने आणि विडीने गेली. शेवटचं वर्ष ते दारातल्या खुर्चीत होते. श्वास कसा पुरवून वापरायचा ते शिकले होते. पायरी चढायची नाही. वाक्य लांबवायचं नाही. हसायला श्वास फार लागतो, म्हणून हसणं सोडलं. आणि शेवटी माझ्याशी भांडणंही सोडलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, कारण माझ्याशी न भांडणारा नवरा मला ओळखीचा नव्हता.

“मासेही तेच करतात,” रोशन म्हणाला. “आधी कल्ले भराभर मारतात. मग काळजाचे ठोके कमी करतात. पोहणं बंद. तळाशी पडून राहतात. काही वर येतात. हवेला लागलेली पाण्याची साय असते, तिला ओठ लावून पितात. काहींचं रक्तच बदलतं, मिळालेली हवा घट्ट धरून ठेवतं. ज्यांच्यात ताकद असते ते दूर निघून जातात. जे उरतात ते जगतात, आई, पण सगळा जोर श्वासालाच लागतो. अंगावर काही चढत नाही. अंडी धरत नाहीत.”

“गाबोळी नाही?”

“नाही.”

एवढ्या सगळ्यातलं तेवढंच माझ्या डोक्यात नीट शिरलं. दोन वर्षं मी मासे चिरत होते आणि सुरीला गाबोळी लागली नव्हती. भाद्रपद-अश्विनात आमच्याकडे पोरं गाबोळीसाठी चुलीशी भांडायची. तळलेल्या अंड्यांचा तो वास कधी गेला ते मला कळलंच नव्हतं.

त्यानंतर त्याने ते यंत्र केलं. संस्थेतले लोक त्याला इंग्रजीत काहीबाही म्हणायचे, रोशन मात्र निवटाच म्हणायचा. पिवळ्या पाठीचं, वासराएवढं, मोठ्या पोटाचं. पाण्यावर यायचं, पाठीवर ऊन घ्यायचं, पोटात हवा दाबून भरायचं आणि बुडी मारायचं. खाली खडकाळ जागेत सिमेंटची बिळं ठेवली होती, उलट्या हंड्यांसारखी. त्यांत ते हवा सोडायचं, मोहरीहून बारीक बुडबुडे करून, म्हणजे ती पाण्यात विरघळावी. मग पुन्हा वर. असे बारा निवटे, दिवसभर खेपा घालणारे.

“सगळा समुद्र नाही वाचवता येत,” रोशन म्हणायचा. “पण वाईट दोन महिन्यांत शे-दीडशे माद्या तरी तग धरतील. अंडी घालतील. बी राहील.”

गावकीने देवळासमोर नारळ ठेवून ठरवलं, तिथे जाळं टाकायचं नाही. आणि पुढे जाऊन असंही ठरवलं की ती जागा रोशनने कोणालाच सांगायची नाही. आपली माणसं कशी आहेत ते आम्हाला चांगलं माहीत होतं. न बघितलेल्या ताटाचा मोह होत नाही, म्हणून ताट झाकून ठेवलं.

दोन वर्षं ते झाकलेलं राहिलं. उघडलं मी.

बाजारात माझी जागा पिंपळाखालची, पहिली. सासूची होती ती. माझ्यासमोर शेवंता तांडेल बसते. तीस वर्षं आम्ही एकमेकींना बोलून दिवस काढलेत. मासे नव्हते तेव्हा आम्ही सगळ्याच ट्रकमधून येणारे, तळ्यात वाढवलेले मासे विकायचो. बर्फात गोठलेले, डोळे पांढरे, चवीला ओला कापूस. मला त्याची लाज वाटायची. मी ते मासे ओरडून विकत नव्हते, पुढ्यात ठेवून बसायची नुसती.

त्या दिवशी शेवंता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गो चांगुणे, पोरगा तुझा माशांना हवा घालतोय म्हणं. आणि आईच्या पाटीत बर्फ! मासे तरी बरे, त्यांना कोणीतरी विचारतंय.”

बाजार हसला. मीही हसले, दात दाखवून. घरी जाऊन मात्र रोशनवर सगळं ओकले. तो जेवत होता. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही, एक सांगते. म्हटलं, “निवटा निदान स्वतःच्या पोरांसाठी खेपा घालतो. तू कोणासाठी घालतोस? परक्यांच्या माद्यांसाठी. आणि तुझी आई ट्रकमधली मढी विकते.”

त्याने घास तसाच खाली ठेवला. हात धुऊन उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ओलं गोणपाट होतं. उघडलं. सात हेकरू. हेकरू हा खडकाच्या कपारीत राहणारा मासा, तळ न सोडणारा. म्हणून श्वास गेला तेव्हा सगळ्यात आधी तोच संपला. चार वर्षांत मी एक पाहिला नव्हता. मी एकाचा कल्ला उघडला. जास्वंद! बाकीच्या बोटींना जे चुकूनमाकून मिळायचं, त्याचे कल्ले विटके, काळसर, गुदमरून मेलेल्या माशाचे असतात तसे. हा मासा मरेपर्यंत पोटभर श्वास घेत होता.

मी चाळीस वर्षं कल्ले बघून मासा ओळखते. कुठून आला ते मला त्याच क्षणी कळलं. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तरीही वाटलं असेल चूक आपली, म्हणून एक घरासाठी ठेवला आणि चिरला. सुरी आत गेली आणि गाबोळी बाहेर आली. ओंजळ भरून. पिवळीधमक, घट्ट, नसांनी विणलेली.

तिथे मला थांबता आलं असतं. सहा मासे पुन्हा गोणपाटात गुंडाळून रोशनला हाक मारायची आणि दोन थोबाडीत द्यायच्या, एवढंच काम होतं. मी काय केलं? गाबोळीला हळद-मीठ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवली आणि तव्यावर टाकली. चार वर्षांनी घरात तो वास आला. मी डोळे मिटून उभी राहिले होते.

रोशनच्या ताटात वाढली तेव्हा तो बघतच राहिला.

“ही…”

“तूच आणलीस ना?”

त्याचा चेहरा मला आता आठवतो तेवढा नवऱ्याचा मेलेला चेहराही आठवत नाही. माद्या आहेत हे त्याला माहीत होतं, भरलेल्या आहेत हेही माहीत असणार. पण पाण्याखाली मापात मोजणं वेगळं आणि ताटात तळलेलं दिसणं वेगळं. त्याने ती खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग म्हणाला, “हे एकदाच, आई. कोणाला सांगू नकोस. बाकीचे घरातच खारव.”

मी हो म्हटलं. आणि तो गेल्यावर सहा हेकरू पाटीत घालून बाजारात गेले.

आजही मला माझ्या जिभेचं नवल वाटतं. गप्प बसून विकले असते तरी चाललं असतं. चोरीचा माल माणूस खाली मान घालून विकतो. पण शेवंता समोर होती. मी पदर खोचला आणि हाळी दिली. “या गो बायांनो, या! ट्रकमधली मढी बघून डोळे गेले असतील, ते धुऊन घ्या. हे बघा कल्ले!” आणि एकेका माशाचा कल्ला अंगठ्याने उघडून दाखवला. सगळ्या बाजाराला. आमच्यात ताजा मासा असाच विकतात. भाव नंतर, आधी कल्ला.

शेवंता उठून आली. वाकली. तिनेही चाळीस वर्षं कल्लेच बघितलेत.

“कुठला गो हा?”

“समुद्रातला.”

“ते दिसतंय. पण आमच्या समुद्रात असे कल्ले नाय मिळत आता.” माझ्याकडे बघत ती सरळ झाली. “रोशनचा समुद्र वेगळा हाय वाटतं.”

एवढंच. घासाघीस न करता तिने एक हेकरू घेतला आणि निघून गेली. मी अजूनही फुशारकीतच होते. तिला मासा विकला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन निवटे तपासायला निघाला तेव्हा मी धक्क्यावरच होते. त्याची बोट वळणाच्या खडकाआड गेली आणि शेवंताच्या मुलाने दोर सोडला. मग पाटलांच्या पुतण्याने. मग एक एक करून चौदा बोटी सुटल्या, गप्प, एरवी असते तशी आरडाओरड न करता. मला समजलं. फोन माझ्या कमरेच्या पिशवीत होता. रोशनला एक फोन लावला असता तर तो तिथूनच माघारी फिरला असता. पण काय सांगू? मी बाजारात कल्ले उघडले, हे सांगू? मी पिशवीवर हात ठेवून उभी राहिले. बोटी दिसेनाशा झाल्या.

त्याने बराच प्रयत्न केला म्हणे. मागे बोटी दिसल्यावर भलत्याच दिशेला गेला, दोन तास फिरवत राहिला. पण यंत्र ते यंत्र, त्याला कोण सांगणार की आज वर येऊ नकोस? एका निवट्याची हवा भरायची वेळ झाली आणि तो पिवळी पाठ घेऊन वर आला, लांबवर, उन्हात चमकत. चौदाही बोटी तिकडे वळल्या.

दोन दिवसांत ती जागा साफ झाली. बाहेर श्वास नव्हता, त्यामुळे मासे पळू शकत नव्हते. बिळाबाहेर पडले तर गुदमरत, आत राहिले तर जाळ्यात. टोपल्यांनी आले. बाजारात पायाखाली अंडी चिरडत होती. दोन दिवस घराघरातून गाबोळी तळल्याचा वास. बायका हसत होत्या, पोरं नाचत होती. शेवंताने माझ्या घरी वाटी पाठवली. मी ती घेतली.

तिसऱ्या दिवशी रोशन समुद्रावरून आला आणि दारातच बसला.

“निवटे अजून हवा नेतायत,” म्हणाला. “घ्यायला कोणी नाही.”

गावकी बसली देवळासमोरच्या चौथऱ्यावर. पुरुष पुढे, आम्ही बायका बाजूला. मोरेश्वर पाटील गावचे म्होरके. त्यांनी घसा साफ केला. ज्यांनी जाळी टाकली तेच सगळे समोर बसलेले, मग विचारणार काय? त्यांनी बरोबर एकच प्रश्न शोधला, ज्याचं उत्तर एकाच माणसाच्या अंगाला चिकटेल.

“पहिला मासा तिथून कोणी आणला, आणि जागा फुटली कशी?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. इतक्यात समोर शेवंता दिसली, हाताची घडी घालून बसलेली. आणि माझे ओठ मिटले.

रोशन उठला. “आणला मी. फुटली पण माझ्यामुळेच. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही.”

सगळ्या गावाने सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. शिक्षा झाली. एक वर्ष बोट धक्क्याला बांधून ठेवायची, एक वर्ष गावच्या कामात बोलायचं नाही. संस्थेने निवटे परत नेले. पोचा पडलेला एक, सगळ्यात पहिला, तेवढा आमच्या अंगणात राहिला. त्याच्यावर आता कोंबड्या बसतात.

त्या दिवसापासून हा असा झाला. आधी मला वाटलं, रुसलाय. रुसलेला माणूस मला कळतो, मी स्वतः तीन-तीन महिने रुसलेय. पण याला राग नव्हता. वाटेत कोणी भेटलं तर बाजूला होतो. दोन शब्दांत भागतं तिथे तिसरा वापरत नाही. हसत नाही. दुपारभर खाटेवर पडून आढ्याकडे बघतो. “छान झालं होतं, आई.” “हो, आई.” “बघू, आई.” मला ते कुठेतरी बघितल्यासारखं वाटायचं आणि लवकर आठवायचं नाही. आठवलं आज.

आज तो थर धक्क्यापर्यंत आला. पहिल्यांदाच. सकाळी पोरं ओरडत धावली म्हणून मी गेले. धक्क्याच्या पायऱ्यांशी बोटभर लांबीचे मासे, हजारोंनी, पाण्याच्या सायीला तोंडं लावून उभे. नुसते ओठ. उघडत होते, मिटत होते. चुरमुरे पाण्यात टाकल्यावर होतो तसा बारीक आवाज येत होता. बायका चाळणीने उपसत होत्या. मासे पळत नव्हते. पळायला लागतो तेवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता.

रोशन वरच्या पायरीवर उभा होता. मी म्हटलं, “तुझ्या संस्थेला फोन लाव. काहीतरी कर.”

“बरं, आई,” तो म्हणाला. आणि हललाच नाही.

तेव्हा मला दारातली खुर्ची आठवली.

मी तशीच बाजारात गेले. पाटी नव्हती, नुसते हात होते. पिंपळाखाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गेल्या साली जागा रोशनने नाय फोडली. कल्ले मी उघडले होते. माल कुठला ते मला माहीत होतं, पोटातली गाबोळी बघून आले होते. बोटी त्याच्या मागे सुटल्या तेही मी बघितलं. फोन केला नाय.”

मला वाटलं, बाजार थांबेल. कोणीतरी थुंकेल. शेवंता मासा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “माहीत हाय गो आम्हाला.”

“कोणाला?”

“सगळ्यांना. मी तिथेच नव्हते का? कल्ला मला दिसला नाय का? पाटलांनाही माहीत हाय.” तिने मासा पालथा केला. “तुझं नाव घेतलं असतं तर मग माझं आलं असतं, मग माझ्या पोराचं, मग चौदा बोटींचं. रोशन उभा राहिला, सगळ्यांचं भागलं. बस आता खाली, उन्हात उभी नको राहू.”

वर्षभर मी ज्या अब्रूसाठी तोंड मिटून बसले होते, ती कोणी मागितलीच नव्हती. एवढ्या मोठ्या बाजारात मला लपायचं होतं ते एकट्या शेवंतापासून, आणि तिला पहिल्यापासून ठाऊक. मी खाली बसले नाही. घरी आले.

दुपारी रोशन जेवायला बसला. पाट मांडला, पाणी घेतलं. मी ताट समोर आणलं आणि खाली ठेवलंच नाही. हातात धरून उभी राहिले. तो वाट बघत बसला, दमलेल्या माणसासारखा. वाढायला उशीर का, हेही त्याने विचारलं नाही.

मग मी बोलले. आवाज शेजारी गेला असेल तर जाऊ दे.

“रोशन, वर बघ. तू मला वाचवलंस असं तुला वाटतं. मला नाय वाचवलंस, गावाला वाचवलंस. चौदा बोटींचं पाप एकट्याने उचललंस आणि त्यांना रात्रीची झोप दिलीस. आणि माझं जे होतं तेही घेऊन बसलास. ते मला परत दे. गाबोळी मी तळली. कल्ले मी उघडले. फोन मी केला नाय. तू तळाशी पडून राहून श्वास वाचवतोयस, कमी बोलून, कमी हसून, कमी चिडून. तुझ्या बापाने याच घरात तेच केलं, आणि तो जगतोय असं मी वर्षभर समजत होते. पुन्हा नाय समजणार. असा जगलेला मासा मी चार वर्षं चिरलाय, त्याच्या पोटात काही नसतं. माशाला दुसरं काही करता येत नाय. तुला येतं. माझ्या तोंडावर म्हण, आई, तू केलंस. ओरडून म्हण, शिव्या दे, दार आपट. तोपर्यंत हे ताट मी खाली ठेवणार नाय. आणि कालवण अळणी आहे. आजही.”